गोरक्ष मोजाड स्वतः बोलले, त्या रविवारची हकिगत

गोरक्ष सावळीराम मोजाड यांचा जन्म १९७१ साली नाशिकजवळच्या मखमलाबाद येथे झाला. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात त्यांची श्रवणशक्ती गेली आणि तिच्यामागोमाग वाणीही. १९८९ ते २००६ या काळात ते पंचवटीतील एका छापखान्यात अक्षरजुळणी करीत. आधी शिशाच्या खिळ्यांनी, पुढे संगणकावर. त्याच छापखान्यात मी मुद्रिते तपासण्यास जात असे. पुढील हकिगत माझ्या डोळ्यांदेखत घडली असून ती लिहिताना आजही माझा हात अंमळ भराभर चालतो.

गोरक्षांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असे. ते कागदावर चार ओळी लिहीत. समोरचा मान डोलावून एखादा शब्द खरडी आणि उरलेले त्यांचे थोरले बंधू निवृत्ती यांच्याशी तोंडी बोले. मुली पाहण्याच्या कार्यक्रमात तर हे ठरलेलेच. "त्याला काय विचारता? मला विचारा ना!" असे म्हणून निवृत्तीराव पोहे संपेपर्यंत धाकट्या भावाचा पगार, स्वभाव, आवडनिवड सारे सांगून मोकळे होत. स्थळे येत आणि जात. गोरक्षांची मागणी एकच होती: जिच्याबरोबर जन्म काढायचा, तिच्याशी होकारापूर्वी एकदा तरी आपण स्वतः बोलायचे.

२००३ साली येवल्याचे स्थळ आले. मुलगी भाग्यश्री, तीही कर्णबधिर, वसतिगृहात राहून दहावी झालेली आणि मामा पुंजा यांच्या घरी वाढलेली. गोरक्षांनी कागदावर लिहिले, "आधी इंटरनेटवर बोलू."

पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडजवळच्या नईमच्या सायबर कॅफेत ते दोन वर्षे नियमाने जात होते. तेथे सर्वांनाच लिहून बोलावे लागे. मग ऐकू येणारा आणि न येणारा यांत फरक तो काय उरला? ज्या गोरक्षांना स्वतःच्या गल्लीत कोणी पूर्ण वाक्याने उत्तर देत नसे, त्यांच्याशी मस्कतमधला एक अनोळखी अभियंता द्राक्षांच्या जातींवरून कडाक्याचा वाद घालीत असे!

ठरल्या रविवारी निवृत्तीराव, मी आणि गोरक्ष कॅफेत पोहोचलो. तिकडे येवल्यातही एका कॅफेत मंडळी जमली होती. नईम मला म्हणाला, "सर, चष्मा पुसून बसा. हा गडी सुटला की थांबत नाही."

संभाषण रोमन लिपीत झाले. येथे मी ते देवनागरीत देत आहे. गोरक्षांनी आवडीनिवडी विचारल्या. उत्तर आले, "स्वयंपाक, शिवणकाम आणि थोरांची सेवा." पुढील अपेक्षा विचारल्या. "आपण म्हणाल तसे."

"बघा सर, काय वळण आहे पोरीला!" निवृत्तीराव खूश झाले.

गोरक्षांच्या कपाळावर मात्र आठी उमटली. त्यांनी विचारले, "वर्गात सर फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले, की तुम्ही काय करायचा?"

"शांतपणे लक्ष देऊन ऐकायचो."

गोरक्षांनी मेजावर असा तळहात आपटला, की नईम दचकून उभा राहिला. ओठ पाहून शिकणाऱ्या मुलीला सरांच्या पाठीतून काय ऐकू येणार? त्यांनी हसत हसत टंकलिखित केले, "मामा, रामराम. आता भाग्यश्रीला बसू द्या."

मग अक्षरे आली: "मुलीच्या वतीने वडीलधाऱ्यांनी बोलावे अशी रीत आहे. आपला, पुंजा."

"आमच्याकडेही आहे. मी त्या रीतीलाच कंटाळलो आहे."

ज्या तारेने गोरक्षांना वाणी दिली, तिनेच मामांना भाचीचा मुखवटाही दिला होता! मी हे निवृत्तीरावांना म्हणणार, तोच पडद्यावर नवी ओळ उमटली. वेग निराळा होता, धीटपणाही निराळा.

"आम्ही जमिनीवर पाय आपटायचो. हादरा लागला की सर वळायचे. सगळ्यांत जोरात मी."

गोरक्ष खुर्चीत सरळ झाले. पण तिचेच प्रश्न सुरू झाले.

"तुमच्या वतीने कोण बोलते?"

"मोठे भाऊ."

"ते आत्ता मागे उभे आहेत?"

"हो."

"मग तुम्हीच लिहिता आहात, हे मी कसे मानू? सांगा, रात्री वीज गेली की तुमच्याकडे काय होते?"

निवृत्तीराव पुढे वाकले. "आरे, लिही ना, मेणबत्ती लावतो म्हणून! त्यात काय लय विचार करायचा?"

गोरक्षांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले आणि मान फिरवून स्वतःचे उत्तर लिहिले, "बोलणे बंद पडते. अंधारात कोणाचे हात दिसत नाहीत, ओठही नाहीत."



"आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या तळहातावर बोटाने लिहायचो," उत्तर आले. "मला नोकरी करायची आहे. माझे मी सांगणार. चालेल?"

"चालेल."

"मग माझे उत्तर उद्या पाठवते. भावांना नाही, तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी गोरक्ष दुपारच्या सुट्टीत धावतच नईमकडे गेले. ईमेलमध्ये चारच शब्द होते: "होकार आहे. माझा स्वतःचा." ते छापखान्यात परतले ते रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करीत!

२००४ साली येवल्यात विवाह झाला. रीतीप्रमाणे पाहण्याचा कार्यक्रम त्याआधी झालाच. निवृत्तीरावांनी "त्याचं म्हणणं असं, की..." एवढे उच्चारले आणि स्वतःच थांबून कागद-पेन धाकट्यापुढे सरकवले. २००६ साली दोघांनी पंचवटीत अक्षरजुळणीचे स्वतंत्र दुकान थाटले. गिऱ्हाइकांशी लेखी व्यवहार भाग्यश्रीबाई पाहतात.

एक मुद्दा तेवढा अनिर्णित आहे. पुंजामामांचे म्हणणे असे, की बोलण्याला सुरुवात त्यांनी करून दिली, सबब हे लग्न त्यांनीच जमवले. तो मान त्यांना जाहीरपणे मिळावा. भाग्यश्रीबाईंनी अद्याप तो दिलेला नाही.