उजेडाची पट्टी

शहाद्यात वेबसाइट बनवणारे आम्ही तिघं: मी, नितीन आणि तोरणमाळची वनिता. कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइली आम्ही अधूनमधून पुसतो. किस्से पुसता येत नाहीत, म्हणून ते साठत जातात.

लग्नाच्या फोटोंसाठी आम्ही एक पान केलंय. फोटो टाकायचा आणि बोटाने पट्ट्या सरकवायच्या. एक उजेडाची, एक रंगाच्या गडदपणाची. रंग बदलायचं मूळ काम एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, करते. तिला अक्कल शिकवायचं काम आमचं!

*

नितीनच्या आजोबांनी, कळसाडीच्या आबांनी, ते पहिल्यांदा वापरलं. स्वतःच्या कापसाच्या शेताचा फोटो टाकला आणि उजेडाची पट्टी पार टोकापर्यंत ओढली. फोटो पांढराफटक.

“कापूस कोठे गया रे?”

“वेचाई गया, आबा,” नितीन म्हणाला.

आबा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

*

म्हसावदहून एका नवरीच्या आईचा फोन आला. “मन्ही पोरनी हयद कोनी धुई टाकी?”

झालं असं, की ट्यूबलाइटचा पिवळेपणा आपोआप काढायची सोय आम्ही मोठ्या हौसेने केली होती. त्या सोयीने हळदीचे सगळे फोटो धुऊन काढले! वनिताने लगेच एक बटण दिलं: ‘हळद राहू द्या’. पुण्यामुंबईच्या मोठ्या ऑफिसांना हे सुचलं असतं? आता आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच दाबलं जातं.

*

आता वनिताचा किस्सा. तालुक्यातला एक फोटो स्टुडिओवाला, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो, हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तो गेला असता तर ऑफिसला कुलूपच लावावं लागलं असतं. त्याची एकच अट होती: पट्टी ओढली की चेहरे गोरे झाले पाहिजेत. वनिता म्हणाली, “बघते.”

आठवड्याने भाऊ बघायला आला. वनिताने नमुन्याला स्वतःच्या आईचा फोटो लावला होता. काळीसावळी, मोकळी हसणारी बाई. भाऊने पट्टी ओढली. मागची झाडं उजळली, लुगडं उजळलं. चेहरा होता तसाच. त्याने पुन्हा ओढली. तरी तसाच.

“हाई बिघडेल शे का?”

“नाही भाऊ. चेहऱ्याला हात लावायचा नाही, असंच लिहिलंय मी. माझी आई आहे तशीच छान दिसते.”

नितीनने माझ्याकडे बघितलं. मला समोर ऑफिसचं कुलूप दिसत होतं आणि, खरं सांगतो, वनिताचा अभिमानही वाटत होता. मग भाऊने खिशातून मोबाइल काढला आणि त्यातला एका म्हाताऱ्या, सावळ्या बाईचा फोटो पुढे केला.

“आते मन्ही मायना फोटो टाक.”