वाढवून मागितलेली पट्टी

आमच्या शेजारचा शालिकराम माळी म्हणजे असा माणूस, की स्वतःच्या सावलीले बी विचारेल, तू माह्या मागं काहून येऊन राह्यली? माझं घर त्याच्या भिंतीले भिंत लागून. मी पार्बताबाई, चौकात भाजी विकते. तरी माह्याशी बोलताना तो शब्द मोजून बोले. मी कर लावणाऱ्या पंचाले चुगली करीन म्हणे. अरे बाप्पा, तुझी चुगली करायले मले दुसरे धंदे नाहीत का?

पहिले तो बी अमरावतीच्या बाजारात वांगी-मेथी विकत होता. मंग समुद्रापार कुठंशी लढाई लागली, विलायतेले कापूस मिळेना, अन् वऱ्हाडच्या कापसाले असा भाव चढला का लोक येडे झाले. शालिकरामनं मळा भावाच्या हवाली केला अन् गाडी घेतली. अमरावतीहून कापूस भरायचा, खामगावले न्यायचा. पाहता पाहता एकीच्या चार गाड्या झाल्या.

पण त्याच वक्ताले सरकारनं धंदेवाल्यावर पट्टी बसवली, म्हणजे कमाईवर कर. कोणी किती भरायची हे पेठेतले पंच ठरवत. आमच्यासारख्या लहान धंदेवाल्याची वही कुठून असणार? म्हणून पंच घर पाहत, बैल पाहत, बाईच्या गळ्यात काय आहे ते पाहत. शालिकरामनं घर असं ठेवलं का भिकारी बी दारावरून परत जाये. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात बांधे. बायको माणिकबाई, तिच्या गळ्यात फक्त काळे मणी, बाकी सारं चुलीखाली पुरलेलं. हिशेब तो लिहूनच ठेवत नसे. लिहिलं का कोणी वाचते, म्हणे. एक खेप झाली का कमरेच्या करदोड्याले एक गाठ मारे. त्या गाठी त्याच्या एकट्यालेच समजत.

माणिकबाई गरीब गाय, सोसून घेई. पण पोरगी वच्छला, तिचं काय? लग्नाची होऊन बसली होती, अन् दोन सोयरिकी दारातूनच परत गेल्या. ज्याच्या घरी पाहुण्याले धड लोटा नाही, त्याची पोरगी कोण करते? मी शालिकरामले तोंडावर विचारलं, पोरीले घरातच ठेवून घेतो का रे? त्याले वाटलं, मले पंचानंच पाठवलं. कपाळ माझं!

मंग अकोल्याच्या जानराव माळ्याचा निरोप आला. मोर्णेच्या काठी मळा, पोरगा कामाचा. बहिरमच्या जत्रेत वच्छलानं त्याले पाहिलं होतं, अन् तेव्हापासून दळता दळता पोरगी गाणं म्हणे. मी भिंतीपलीकडून ऐकत जाये. हीच सोयरीक व्हावी असं तिच्या मनानं घेतलं होतं. शालिकराम बी खूश. पाहुणे आखजीचा सण झाल्यावर येणार, तोवर दागिने, लोटे, सारं बाहेर काढू म्हणे.

आता आपली रीत सर्वांले ठाऊक आहे. पोराचा बाप ठरल्या दिवशी पोरगी पाहते, पण घर पाहायले तो आधीच येते, न सांगता, भलतंच निमित्त काढून. म्हणजे खरं काय ते दिसते. शालिकरामनं पुतण्याच्या सोयरिकीच्या वेळी स्वतः हेच केलं होतं. पण तो आठवडा पंचांच्या फेरीचा, अन् त्याच्या डोक्यात पट्टीशिवाय काही शिरेना.

जानराव आला, संगं त्याचा भाऊ. शालिकरामनं त्याले कधी पाहिलं नव्हतं, अन् त्यानं बी नाव सांगितलं नाही. कापूस न्यायचा आहे म्हणाले. गाड्या किती, बैल किती, सालाचं काय सुटते? शालिकरामचे कान टवकारले. असं पंचाचाच माणूस विचारते. त्यानं हात जोडले. गाड्या मालकाच्या, मी नुसता हाकणारा, म्हणाला. फुटक्या गाडग्यातून पाणी देलं. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही! वच्छलाले हाक मारली, तिच्या लुगड्याची ठिगळं दाखवली, अन् म्हणाला, "पोरगी उजवायची बी ऐपत नाही. कोणी बिजवर भेटला तर देऊन टाकीन."

वच्छला खाली पाहत उभी राह्यली. जानराव उठला अन् पाणी न पिताच गेला.

सोयरीक होत नाही असा निरोप आला तेव्हा शालिकरामच्या डोक्यात उजेड पडला, का कापूसवाला तोच जानराव होता. त्या दिवशी माणिकबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली. वच्छला भांडली नाही, रडली नाही. तिचं गाणं बंद झालं, नुसतं जातं घरघर करे.

शालिकरामनं चूल उकरली, माणिकबाईले सोन्यानं मढवलं, बैलांले झुली घातल्या, अन् चारी गाड्या घेऊन अकोला गाठलं. जानरावनं सारं पाहिलं अन् शांतपणे विचारलं, "हे कोणाचं मागून आणलं?"

शालिकराम शपथा घ्यायले लागला. करदोड्याच्या गाठी दाखवल्या. गाठी तर माह्या म्हशीच्या दाव्याले बी आहेत, म्हणे जानराव. वही असेल तर दाखव, नाहीतर पट्टीची पावती दाखव. जो माणूस खरं लपवते, तो खोटं बी दाखवते. जानरावचं चुकलं काय, तुमीच सांगा. अन् वही तर नव्हतीच. पावती होती, पण ती गाडी हाकणाऱ्याची, पेठेत सर्वांत कमी.

परत आला तो सरळ चौकात, पंचांपुढं. मी भाजी घेऊन तिथंच बसली होती. खुशालराव पंचाले तो म्हणाला, "माही पट्टी कमी लागली. वाढवून लिहा."

असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. आपण होऊन वाढवून मागते, म्हणजे ह्याच्याजवळ केवढं असेल? खुशालरावनं गोठे धुंडाळले, घर उकरलं. शालिकरामनं त्या दिवशी सारं खरं खरं सांगितलं, तरी कोणाचा इश्वास बसेना. खऱ्याच्या दुप्पट पट्टी लागली. त्यानं पैसे भरले अन् पावती घेऊन अकोल्याले गेला.

लग्न झालं. वच्छला नांदायले गेली.

मंग ती लढाई सरली, कापसाचा भाव आपटला, गाड्या दारात उभ्या राह्यल्या. पेठेतले सारे धंदेवाले पंचाच्या पाया पडून पट्टी कमी करून आले. शालिकराम काही गेला नाही. एक गाडी विकली, मंग दुसरी, असं करता करता चारी गेल्या. मी म्हटलं, आता तर खरंच काही उरलं नाही, जा ना बाप्पा, सांग पंचाले.

"सांगितलं तर बात अकोल्याले जाईल," तो म्हणाला. "पोरगी तिथं मान वर करून राह्यते."

अन् तीच दुप्पट पट्टी भरत राह्यला. पुढच्या पोळ्याले वच्छला माहेरी आली. अंगणात फिरली, गोठ्यात डोकावली, अन् बापाले विचारलं, "बाबा, गाड्या दिसून नाही राह्यल्या?"

"खामगावले गेल्या, माय," शालिकराम म्हणाला. "लय काम आहे."