कुंडमच्या कड्यावरची पथरचंदी

१९४३ साली जबलपूरच्या कारखान्याला लष्करी गाड्यांसाठी लाकूड पुरेना, तेव्हा माल तपासणाऱ्या मुरलीधर दाणींना कुंडमच्या जंगलात धाडलं. तोडायच्या सालवृक्षांवर चुन्याची खूण करायची, एवढंच काम.

तिथल्या कड्यावर खडकाला बिलगून निळ्या फुलांची झुडपं होती. वाट दाखवणारी गोंड बाई सुकवारो म्हणाली, "पथरचंदी आय, बाबूजी. ई पहाड़ छोड़ के कहूँ नईं होत." म्हणजे हा पहाड सोडून ती कुठंच होत नव्हती.

वीस वर्षं सुताचा फरक पकडणारा हा माणूस. नुसतं बघून पुढे जाणं त्याला जमलं नाही. तीन दिवस त्यांनी झुडपं मोजली. गेल्या साली तोड झालेल्या बाजूला एकशे बारा, सगळी जाड खोडाची, जुनी. रोप एक नाही. सावलीच्या बाजूला मात्र ओल्या शेवाळात नखाएवढी रोपं दाटली होती. नुसती म्हातारी माणसं उरलेलं गाव किती दिवस टिकणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सावलीच्या बाजूला त्यांनी खूण केलीच नाही, आणि कारण जसंच्या तसं कागदावर लिहिलं. साहेबानं शांतपणे सांगितलं, की लढाई फुलांसाठी थांबत नसते. त्यांच्या जागी दुसरा गेला, आणि महिन्याभरात तीही बाजू उघडी पडली.

"लाकडात गाठी आहेत, असंच काहून नाही लिहिलं?" बायकोनं, सुनेत्राबाईंनी विचारलं.

"गाठी नव्हत्या. त्या गाड्यांत बसून लोकांची पोरं लढाईवर जाऊन राहिली. आज खोटं लिहिलं तर उद्या काय काय पास करीन मी?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवाळीला दोघं कुंडमला गेले. त्यांनी धाडलेल्या निरोपाप्रमाणे सुकवारोनं पथरचंदीची वाळकी बोंडं जपून ठेवली होती. पुढच्या आषाढात तिघांनी ते बी पलीकडच्या घळीत, जिथं लाकडाची गाडी पोचत नाही, शेवाळात दाबलं. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. पुन्हा पेरलं. तिसऱ्या वर्षी अकरा रोपं दिसली.

कड्यावरची जुनी झुडपं एकेक करत वाळली. घळीतली फुलावर आली. मुरलीधरपंत दरसाल मोजणी करून सिव्हिल लाइन्समधल्या जंगल कचेरीत अर्ज देत. सातव्या अर्जावर घळीत तोडबंदी झाली.

पुढे गुडघे गेले, तेव्हा ते खाली दगडावर बसत आणि सुनेत्राबाई वर चढत. त्या आकडा ओरडून सांगत.

"मोठी नकोत. लहान किती?" ते खालून विचारत, आणि पुन्हा मोजायला लावत.