गयाकाकूकडे राहिलेलं प्रस्थान

आधीच सांगते, म्हणजे मग कोणी ‘आजी, तुम्ही भोळ्या हो’ असं म्हणायला नको. मी जन्मभर पोरींना गणित शिकवलं. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून पोरी तिकडून जायच्या नाहीत, तर मी त्याच चिंचेखाली वर्ग भरवला... वर चिंचा पाडून खाल्ल्या त्या वेगळ्याच. इथले तुमचे अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि निम्म्यांवर मनातल्या मनात लाल रेघ मारते. राग मानू नका, सवय आहे. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्याच आयुष्यातली आहे, जिच्यावर ती रेघ मला अजून मारता आलेली नाही. तेवढी लिहून टाकते.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही आर्वीचे, बाबांचं किराणा दुकान. मी मॅट्रिक झाले होते आणि यवतमाळला मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी निवड होणार होती — शुक्रवारी सकाळी. इकडे पुलगावच्या एका व्यापाऱ्याची मला मागणी आलेली. माणूस बिजवर, मिशा एवढ्या मोठ्या! बाबांनी साफ सांगून ठेवलं होतं, “या खेपेले निवड झाली तं शिक बाप्पा. नाई झाली तं मंग मी कोणाचं आयकणार नाई.” म्हणजे यवतमाळला वेळेत पोचले नाही, की मी पुलगावची झाले.

आता तुम्ही मोबाइलवर बोट फिरवता आणि खिडकीची सीट मिळते. तेव्हा आर्वीहून यवतमाळला सरळ मोटर नव्हती. आर्वी ते वर्धा एक, तिथं उतरून यवतमाळची दुसरी. बाबांनी आठवडाभर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पिडलं. एक म्हणे आर्वीची मोटर येईपर्यंत यवतमाळची उभीच राहते. दुसरा म्हणे छे, कोणाच्या बापासाठी थांबत नाही. तिसरा म्हणे पुलगाववरून जा ना... पुलगावचं नाव निघालं की मी दुकानातून उठून आत जायची. शेवटी ठरलं — गुरुवारी सकाळच्या मोटरनं वर्धा, तिथून दुपारची यवतमाळ, मुक्काम मावशीकडे. त्या दुपारच्या मोटरनंतर यवतमाळकडे त्या दिवशी दुसरी मोटर नव्हती.

हा सगळा प्लॅन स्वयंपाकघरात पोचला आणि आत्यानं कपाळावर हात मारला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. अक्षरओळख नाही, आर्वीची शीव ओलांडलेली नाही, मोटरीत तर कधी बसलीच नाही. पण घरात माझ्या शिक्षणासाठी कोणी भांडलं असेल तर तीच. मी पाटीवर बेरजा करायची तेव्हापासून ती मला मास्तरीणच म्हणायची. “मास्तरीण, जेवाले ये व!” असं अंगणातून ओरडायची, सगळी आळी हसायची.

“गुरुवारी दक्षिणेकडं दिशाशूल आहे,” आत्या म्हणाली. “पोट्टीले काऊन पाठवून राह्यला तिकडं?”

“अवो बाई, निवड शुक्रवारीच आहे,” बाबा म्हणाले. “तारीख काय माह्या हातात आहे?”

“मंग प्रस्थान ठेवा लागते बुधवारी.”

आता हे प्रस्थान तुमच्यातल्या तरुणांना माहीत नसेल. वाईट दिवशी निघणं भाग असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी पुढे पाठवायचं. जायच्या वाटेवरच्या एखाद्या घरी ते ठेवायचं, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरायचं. मग निघताना ते उचलून सोबत न्यायचं. मी फिदीफिदी हसले. म्हटलं, “आत्या, देवाले असं फसवता येते काय?” तिनं मला एक धपाटा घातला आणि आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं. आत्या डावरी होती. तिची गाठ उलटी पडायची, कोणालाच सुटायची नाही. ते गाठोडं बुधवारी मीच वर्धा रोडवर, गावाच्या टोकाला राहणाऱ्या गयाकाकूच्या कोनाड्यात ठेवून आले.

“घेतल्याबिगर पुढं जाजो नोको,” आत्यानं बजावलं.

आणि इथंच आम्ही सगळ्यांनी माती खाल्ली. आजवर आमच्या घरातलं प्रस्थान म्हणजे बैलगाडीचं. गाडी दारात थांबवायची, गाठोडं घ्यायचं, पाणी प्यायचं, पुढे जायचं. मोटर गयाकाकूच्या दारात थांबणार नाही, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! गुरुवारी आम्ही स्टँडवर बसलो, मोटर निघाली, आणि गयाकाकूचं घर भर्रकन मागे गेलं. बाबा “ओ ओ, थांबवा जरा!” म्हणून ओरडले. ड्रायव्हरनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काकू दारात उभी होती, हात रिकामे, तोंड उघडं. मी हसले खरी, पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी चर्र झालं.

खरांगण्याच्या अलीकडे मोटरचं टायर बसलं. मे महिन्याचं ऊन, झाड नाही, आणि स्टेपनीतही हवा नाही. बाबा रुमालानं मान पुसत नुसते येरझारा घालत होते. मला तर समोर मिशाच दिसायला लागल्या.

वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा यवतमाळची मोटर घरघरत उभी होती, निघायच्या बेतात. आत मुंगीला जागा नाही. खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकून लोकांनी केव्हाच जागा धरलेल्या. कंडक्टर दारात आडवा उभा.

“जागा नाई बाप्पा. उद्या या.”

“उद्या येऊन काय करू?” बाबांचा आवाज फाटला. “पोरीची निवड आहे उद्या सकाळी!”

माझे डोळे भरून आले. इतकी पाठांतरं, इतकी भांडणं, सगळं त्या दाराशी येऊन संपलं होतं. आणि तेवढ्यात आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “अवो, थे मास्तरीण हेच काय? आर्वीची?”

मी आत डोकावले. दारापासून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, एक जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत! आणि त्या जागेवर निळ्या लुगड्याचं गाठोडं ठेवलेलं होतं.

“एक बाई ठेवून गेली,” ती शेजारीण सांगायला लागली. “म्हणे, आमची मास्तरीण येऊन राह्यली मांगून, तिची जागा कोणाले देजो नोको. म्या कितीकांशी भांडली तुह्यासाठी, माय! या कंडक्टरशी बी भांडली. बाई मोठी चमत्कारिक... शुभाचं गाठोडं, अन् डाव्या हातानं ठेवलं.”

बाबांनी ते गाठोडं हातात घेतलं. उलटी गाठ. सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. रडू की हसू, तेच त्यांना समजत नव्हतं.

जागा एकच होती. त्या काळात वयात आलेली पोरगी एकटी मोटरीत बसवणं म्हणजे... आळीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. कंडक्टर “लवकर बोला” म्हणून कावला. बाबांनी गाठोडं माझ्या ओच्यात दिलं.

“बस,” म्हणाले. “तुही आत्या आहे सोबत. मी उद्या येतो.”

“अन् मी हाय ना,” शेजारीण म्हणाली. “यवतमाळच्याच लेकीकडं चालली मी. पोहचवून देतो घरापर्यंत.”

बाबा दुसऱ्या दिवशी यवतमाळला पोचले तेव्हा माझी निवड झालेली होती. त्यांनी मावशीच्या दारात उभ्या उभ्या ऐकलं आणि एकदम म्हणाले, “चला, पुलगावले काय सांगाचं थे मी पाहतो!” मला तेव्हा जे वाटलं, ते नोकरीची पहिली सही करतानाही वाटलं नाही.

परत आल्यावर आम्ही पहिले गयाकाकूकडे गेलो. ती बिचारी रडकुंडीला आलेली. मोटर गेल्यावर गाठोडं निदान आत्याला परत द्यावं म्हणून कोनाड्यात हात घातला, तर कोनाडा रिकामा! उंदरानं नेलं असेल म्हणून तिनं सगळं घर उपसलं होतं. कोणाच्या हाती पाठवलं का, असं बाबांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं लेकरांची शपथ घेतली. आणि आत्या? गुरुवारी आमच्या अंगणात आळीभरच्या बायका शेवया करत होत्या. आत्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्यात बसून होती. सगळ्या साक्षीला. दुपारी बसल्या जागीच तिचा डोळा लागला आणि हलवलं तरी उठेना, एवढंच काय ते वेगळं घडलं.

“मले काय विचारता?” आत्या म्हणाली. “दिवसभर जीव तुह्यातच होता, एवढं मालूम आहे.”

बाबांनी नंतर खूप तर्क लढवले, मीही लढवले. कोणीतरी चोरलं असेल, कोणी ट्रकवाल्याला दिलं असेल... पण ‘मास्तरीण’ कोणी सांगितलं? डावा हात कुणाचा?

यवतमाळला नोकरी लागल्यावर आत्याला मी माझ्याकडे न्यायला आले. तिचा पहिलाच मोटरप्रवास. खिडकीला नाक लावून ती वर्ध्यापर्यंत लहान पोरीसारखी बाहेर बघत होती. वर्ध्याच्या स्टँडवर ओळीनं मोटरी उभ्या. मी म्हटलं, “आत्या, इथं थांब, यवतमाळची कोणती थे विचारून येतो.” वळून पाहते तर आत्या चाललेली. कोणाला विचारणं नाही, पाटी वाचता येत नाही, आणि तरी त्या गर्दीतून सरळ एका मोटरीत चढली. मी धावत मागे. यवतमाळचीच होती. आत्या दारापासून दुसऱ्या बाकाशी उभी होती, खिडकीजवळच्या जागेवर डावा हात ठेवून.

“आत्या, तुले कसं कयलं?”

“आता काय विचारत बसते व,” ती म्हणाली. “बस. धरून ठेवली ना जागा तुही.”

मी बसले. पुढे तिला मी कधीच काही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. गणितात उत्तर येत नसेल तर पोरींना मी सांगायची, खोटं लिहू नका, जागा कोरी सोडा. मीही सोडली आहे. ते गाठोडं अजून माझ्या कपाटात आहे. गाठ कोणाला सुटली नाही... खरं सांगायचं तर मी सोडवून पाहिलीच नाही.