विजूची दाढ दुखत होती

"बरं झालं, सुटला बिचारा." परवापासून हे फोनवर ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ विजू सुटलेला नाही. मेलाय.
दाढ किडून, पू गळ्यात उतरून.

त्याला ऑटिझम होता. ऑटिझमने कुणी मरत नाही.

विजू बोलायचा नाही. पण बाजारात हुंगल्याशिवाय मासा घेऊ द्यायचा नाही. शिळा असला की परत टोपलीत!
कोळिणी ओरडायच्या, "इन्स्पेक्टर आला गो, कालची सुरमई लपव!"
हा खूश. टाळ्या पिटायचा.

आई गेल्यावर तो निवासी संस्थेत राहायला गेला. रंगवलेल्या भिंती, बाग, सकाळी योगा. पाहुण्यांना दाखवायला सगळं होतं.

गणपतीनंतर भेटायला गेले, तर विजू स्वतःच्या गालावर थपडा मारत होता. मला बघून थांबला. माझा हात ओढून त्याच गालावर दाबून धरला.
गाल तापलेला. सुजलेला.

सुपरवायझर म्हणाल्या, "ताई, बिहेवियर आहे ते. आमच्या डॉक्टरांनी शांत राहायची गोळी वाढवलीय."

"तोंड उघडून बघितलं कुणी?"

"चावतात हो!"

"मग डेंटिस्टकडे न्यायचं."

"खुर्चीत बसत नाहीत हे लोक. आणि तुम्ही आलात की जास्तच करतात. अटेन्शन हवं असतं."

हे लोक.

तशीच रिक्षा बोलावली आणि त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. रस्ताभर त्याने माझा हात गालावरून काढू दिला नाही.

डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि माझ्यावरच खेकसले, "इतके दिवस काय करत होतात?"

संस्थेवाले गोळी वाढवत होते, डॉक्टर.

इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. परवा सकाळी विजू गेला.

त्याला बोलता येत नव्हतं, पण तो सांगत होता. रोज, सगळ्यांसमोर, स्वतःला मारून सांगत होता. आणि त्याला गुंगीत ठेवलं.

सावर्ड्याची मावशी म्हणते, "आता कशाला वाद, ती माणसं सेवा करतात गो."
सेवा नाही, मावशी. फी घेऊन केलेलं काम आहे. तक्रार लेखी दिलीय, मागे घेणार नाही.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, तर बाग बघून परत येऊ नका. तोंड उघडायला लावा. आत बघा.

विजू, जा बाबा. आता कुणी गोळी देणार नाही.

काल संस्थेने त्याचं सामान दिलं, मी सही करून घेतलं:
शर्ट तीन, त्यातला एक दुसऱ्याच कुणाचा.
पँट दोन.
आईची शाल.
गेल्या दिवाळीत मी दिलेला टूथब्रश. पाकीट न फोडलेलं.