उन्हाचा शब्द

रत्नागिरीवर ऊन पडायचं ते माझ्या एका मित्राच्या परवानगीनं, असं आमच्या वाडीत गेली कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते. त्यात तो स्वतःही आला. सगळी नोकरी त्यानं एस.टी.च्या स्टिअरिंगमागे काढली आणि समोरच्या रस्त्यापेक्षा काचेतून वरचं आभाळच जास्त पाहिलं, असं त्याचा कंडक्टर सांगे. निवृत्त झाल्यावर, आम्ही तिघंचौघं सकाळी ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर बसतो तिथे तो यायचा, नाक वर करून दोन श्वास घ्यायचा आणि दिवसाचा निकाल द्यायचा. मग गुडघे, पेन्शन, बांगडा, मुंबईहून न येणारी पोरं, असे बाकीचे विषय निघत. एकदा मी त्याला मोबाईलवरचा अंदाज दाखवला. म्हणाला, "त्याला इचार, पाणी पुढल्या अंगणात पडणार की मागल्या परसात." मी फोन खिशात ठेवला.

छत्री तो चारचौघांत कधी हातात घेत नसे. एका जानेवारीत, कडकडीत उन्हात, काडी बदलायला म्हणून ती घेऊन बाजारात निघाला, तर वाडीतल्या बायकांनी दोऱ्यांवरचे कपडे भराभर घरात नेले. तेव्हापासून तो छत्री पिशवीत दडवून नेई. मुलाच्या लग्नात भटजींना म्हणाला, "मुहूर्त तुम्ही काढा, उघडीप मी बघतंय." आम्ही हसलो खरे, पण लग्नाच्या दिवशी एक थेंब पडला नाही.

त्याच्या शब्दावर सगळ्यात जास्त भिस्त त्याच्या घराशेजारच्या वहिनींची. त्यांचे यजमान आमच्याच कठड्यावर बसायचे, आता नाहीत. दर वैशाखात वहिनी आंब्याची साठं घालतात. ताटाला तूप लावून रस पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा थर, असं सातआठ दिवस कडक ऊन लागतं. मुलगे दोघेही मुंबईला. त्यांना गावी यायला जमत नाही, साठं मात्र त्यांच्यापर्यंत पोचतात. त्या दिवसांत रोज सकाळी वहिनी कुंपणाशी येऊन विचारत, "भावोजी, घालू का बाहेर?" आणि हा म्हणे, "निर्धास्त घाला."

यंदाच्या वैशाखानं ताळतंत्रच सोडलं. सकाळी धुकं, दुपारी घामाच्या धारा, संध्याकाळी शाल घ्यावी असा वारा. मित्र नाक वर करी आणि निकालाला पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ लावी. आम्हाला ते दिसत होतं. एका सकाळी त्याच्या "निर्धास्त घाला"वर वहिनी अकरा ताटं गच्चीवर मांडून हातखंब्याला बहिणीकडे गेल्या, आणि दुपारी आषाढासारखा पाऊस कोसळला. मी धावत गच्चीवर पोचलो तर हा एका ताटावर छत्री धरून उभा, स्वतः चिंब. बाकीच्या ताटांतला रस पाण्याबरोबर पाइपातून अंगणात चालला होता. मला म्हणाला, "सहा दिवस थर देत होत्या रे त्या." त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वहिनींनी परत आल्यावर ताटं घासली. एवढंच म्हणाल्या, "असू दे भावोजी. आभाळ काय तुमच्या हातात थोडंच आहे?" त्या समजूत घालत होत्या, आणि तेच त्याला लागलं. पुढे तो कठड्यावर येई, पण मान खाली. गुडघ्यांबद्दल बोले, बांगड्याबद्दल बोले; आभाळाचा विषय निघाला की साकवाखालचं पाणी बघत बसे. मग आम्हीही तो विषय टाळू लागलो आणि गप्पा लवकर संपू लागल्या. त्याचा निकाल ऐकल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे, हे मला तेव्हा कळलं.

दहाबारा दिवसांनी पुन्हा ऊन पडलं. उरल्यासुरल्या रायवळ आंब्यांचा रस काढून वहिनी कुंपणाशी आल्या. मी तिथेच होतो.

"भावोजी, घालू का बाहेर?"

त्यानं एकदा आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठाऊक नाय, वहिनी. खरंच ठाऊक नाय."

वहिनी म्हणाल्या, "मग ताटांजवळ येऊन बसा. आलाच तर उचलायला चार हात होतील."

तेव्हापासून ताटं वाळेपर्यंत तो रोज त्यांच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसला, छत्री सगळ्यांच्या देखत मांडीवर आडवी. वाडीतल्या बायकांनी ती पाहिली. कपडे मात्र कुणीच आत नेले नाहीत. त्यालाही ते दिसलं असणार. वहिनी चहा घेऊन वर आल्या तेव्हा त्यानं सवयीनं नाक वर केलं, दोन श्वास घेतले, आणि निकाल न देता कप हातात घेतला.