दादाचा मंगळवारचा फोन

त्या मंगळवारी दहा वाजून गेले तरी दादाचा फोन आला नाही. हिंगण्याच्या घरी मी फोनकडे बघत बसलो, चहा थंड झाला, आणि मनात म्हटलं, रुसला असेल म्हातारा, रुसू दे. बुधवारी सकाळी पुतण्याचा फोन आला. दादा गेला होता... महिना उलटला, तरी ते 'रुसू दे' माझ्या डोक्यातून जात नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, फौजेत टेलिफोनवर होता. ज्या शेजारी देशाशी आपलं वैर, त्याच्याशी थेट जोडलेल्या लाइनवर त्याची काही वर्षं ड्यूटी होती. आम्हाला वाटे, तिथे लढायांच्याच गोष्टी चालत असतील. दादा हसायचा. "काहीच नाही गा. ठरल्या वेळी फोन लावाचा, 'आवाज येतो का' विचाराचं. तिकडला 'येतो' म्हणते, झालं. भांडणाच्या दिवशी लाइन मेलेली निघाली तं काय करशीन?" आणि एक नियम तो बजावून सांगे, तिकडून फोन आला नाही, तर आपण लावायचा.

पुढे खाप्याच्या शेताची वाटणी झाली आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं असं फाटलं, की सक्करदऱ्यातल्या त्याच्या घराची पायरी मी चढेनासा झालो. लगेचच्या मंगळवारी दहाला फोन. "सुधाकर, आवाज येऊन राह्यला का?" मी गुरकावलो, "येऊन राह्यला." त्याने ठेवला. मला हसूही आलं आणि रागही. सख्ख्या भावाने मला परदेश करून टाकलं होतं! नऊ वर्षं त्याने एकही मंगळवार चुकवला नाही. अशाच एका मंगळवारी खाप्याहून निरोप आला, दादाच्या ट्रॅक्टरने धुरा फोडला. मी मोटारसायकल काढली, हातात काठी होती, खोटं कशाला बोलू... तेवढ्यात दहा वाजले. "आवाज येऊन राह्यला का? आइक, ट्रॅक्टरवाला नवा हाय, चुकला. धुरा मी भरून देतो. रागात येऊ नको." मी काठी कोपऱ्यात ठेवली. दादाने धुरा भरला, तोही माझ्या बाजूला हातभर जमीन जास्त सोडून. मी साधा फोन करून 'बरं केलंस' म्हटलं नाही. नऊ वर्षांत आपणहून एकदाही लावला नाही.

तेराव्याला वहिनी म्हणाली, "मंगळवारी दवाखान्यात त्यायनं दहाले फोन उशाशी मागून घेतला. हात उचलल्या जात नव्हता. म्हटलं, मी लावून देऊ का? तं म्हणे, नको, आता तो लावीन. नियम त्याले माहीत हाय. दुपारपर्यंत फोनकडेच पाहून राह्यले होते, भाऊजी..."

आता दर मंगळवारी दहाला मी दादाच्या नंबरवर फोन लावतो. वहिनी उचलते. "आवाज येऊन राह्यला का, वहिनी?" "येऊन राह्यला, भाऊजी." दादा इथे फोन ठेवायचा. आम्ही दोघं तो तसाच कानाला धरून बसतो.